नकाशातलं टाकं

झऱ्याची खूण फार लहान असते. निळ्या शाईतलं बारीक वर्तुळ आणि त्याला नागमोडी शेपूट. ओढ्याकाठच्या डबक्यात बेडकाची पिल्लं दिसतात ना, तशी. जोर्नाडा नावाच्या वाळवंटी माळाच्या जुन्या नकाशांच्या शीटांवर अशी खूण सापडली की मी श्वास रोखून तिच्या पुढची निळी रेघ बघते. रेघ बहुतेक वेळा लगेचच तुटक होते. एक लहान आडवी रेषा, तीन टिंबं, पुन्हा रेषा, पुन्हा तीन टिंबं. वर्षातून काहीच दिवस वाहणारा प्रवाह अमेरिकन नकाशात असा काढतात. मग टिंबंही संपतात. खाली वाळू असते, पाणी तिच्यात गेलेलं असतं.

मी न्यू मेक्सिकोत लास क्रूसेसला राहते, गेली नऊ वर्षं. काम नकाशांचं. यूएसजीएस म्हणजे इथलं भूगर्भ सर्वेक्षण खातं, १८७९ साली स्थापन झालेलं. १८८४ पासून २००६ पर्यंत त्यांनी छापलेल्या टोपोशीट, म्हणजे चढउतार, पाणी, वाटा दाखवणारे नकाशे, आता स्कॅन करून सगळ्यांसाठी मोकळ्या ठेवल्या आहेत. पावणेदोन लाखांहून जास्त पत्रकं आहेत ती. त्यातल्या आमच्या भागातल्या शीटांवरचे झरे, विहिरी, पवनचक्क्या आणि तळी एकेक करून टिपायची, अक्षांश-रेखांश लिहायचे, आणि शेवटच्या रकान्यात आज तिथं काय आहे ते भरायचं. हे माझं रोजचं काम. बाहेरच्या माणसाला कंटाळवाणं वाटेल. मला नऊ वर्षांत एक दिवस कंटाळा आलेला नाही.

जुन्या शीट तांब्याच्या पत्र्यांवर कोरत. एका नकाशाचे तीन पत्रे असायचे. काळ्यात माणसानं केलेलं सगळं, म्हणजे घरं, वाटा, रेल्वे, हद्दी, नावं. तपकिरीत समोच्च रेषा. आणि निळ्यात पाणी. कोरणारा सगळं उलटं कोरायचा, आरशात दिसावं तसं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. ओल्या प्रदेशाचा निळा पत्रा नद्यानाल्यांनी गच्च भरलेला असणार. जोर्नाडाचा निळा पत्रा नुसता हातात घेतला असता तर तो जवळजवळ कोराच दिसला असता. कुठंतरी एक वर्तुळ, कुठंतरी एक तुटक रेघ, मध्ये मैलोन्‌मैल काही नाही. या मोजक्या खुणांसाठी कुणीतरी प्लेन टेबल, म्हणजे मोजणीचा तिपाईवरचा फळा, खांद्यावर घेऊन उन्हात हिंडलं होतं. खूण चुकली असती तर पुढचा माणूस तहानेनं मेला असता.

हे मी अलंकारिक म्हणत नाही. या भागाचं नावच होर्नादा देल मुएर्तो, मृताची वाटचाल. इथले लोक इंग्रजी वळणानं जोर्नाडा म्हणतात आणि नऊ वर्षांत मलाही तीच सवय लागली आहे. मेक्सिकोहून सांता फेला जाणारा राजरस्ता रिओ ग्रान्दे नदीच्या काठानं यायचा. पण या टप्प्यात नदी पश्चिमेला वळते आणि काठ दऱ्याखोऱ्यांनी फाटलेला, गाड्या जाऊच शकत नाहीत. म्हणून तांडे नदी सोडून सरळ माळावरून निघायचे, आणि पुन्हा नदी भेटेपर्यंत सुमारे ९० मैल भरवशाचं पाणी नसायचं. रात्रीचं चालायचं, दिवसा गाडीखाली पडून राहायचं. १६७० साली इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, कैदेतून निसटलेला बेर्नार्दो ग्रुबर नावाचा जर्मन व्यापारी या माळावर मेला. वाटेतल्या एका मुक्कामाला आलेमान म्हणतात, म्हणजे जर्मन. या वाटेला मृताचं नाव त्याच्यामुळेच पडलं असं सांगतात.

त्याच्याही आधीची एक गोष्ट मला फार आवडते. १५९८ च्या मे महिन्यात ओन्याते या स्पॅनिश सरदाराची पहिली मोठी वसाहतवाली तुकडी इथून चालली होती. पाणी संपलेलं. सोबतचं एक छोटं कुत्रं कुठंतरी गेलं आणि परत आलं तेव्हा त्याच्या पायांना चिखल लागलेला होता. लोक त्याच्या मागावर गेले आणि त्यांना पाण्याची डबकी सापडली. त्या जागेचं नाव पडलं लोस चार्कोस देल पेर्रीयो, कुत्रोबाची डबकी. चारशे वर्षांहून जास्त काळ झाला. ते कुत्रं कुणाचं, त्याचं नाव काय, कुणाला माहीत नाही. पण त्याचे चिखलाचे पाय इतिहासात आहेत. पाण्याच्या जागेला दिलेलं नाव पाण्यापेक्षा जास्त टिकतं, हे मी माझ्या रकान्यात रोज बघते.

नावांवरून आठवलं. मी कामाला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका शब्दानं मला थांबवलं. या भागाच्या शीटांवर जागोजागी लिहिलेलं असतं : टँक. रोड टँक, पार्कर टँक, ब्राउन टँक. मला वाटलं, पत्र्याच्या टाक्या असतील. नाही. इथल्या रँचवाल्यांच्या बोलण्यात टँक म्हणजे ओहळाला मातीचा बांध घालून केलेलं गुरांसाठीचं तळं. बाकीच्या अमेरिकेत त्याला पाँड म्हणतात, इथं टँक. मी शब्दकोश उघडला. टँक या शब्दाच्या उगमापाशी कोशकार गुजराती आणि मराठीकडे बोट दाखवतात : टांकें, जमिनीतला पाण्याचा साठा. पोर्तुगीजांच्या तांकेचाही त्यात हात आहे असं म्हणतात. म्हणजे आपल्या गडांवर कातळात खोदलेलं जे टाकं, नाणेघाटात घाट चढून आल्यावर ज्याच्या पाण्यात आपण तोंड बुडवतो ते टाकं, ते इंग्रजांच्या जिभेवर बसून समुद्रापार गेलं आणि या वाळवंटातल्या रँचरच्या तळ्याला चिकटलं. त्या दिवशी मी स्क्रीनवरच्या त्या चार रोमन अक्षरांवर बोट ठेवून बराच वेळ बसले होते. घरापासून इतक्या लांब, कुणी ओळखीचं भेटावं तसं झालं.

गेल्या जुलैत अण्णा आले. माझे वडील. माणदेशात तलाठी होते, तीस वर्षांत सहा सजे झाले त्यांचे. आल्यावर दोन दिवस झोप, तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी. मी एक शीट मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावलेली होती. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक नकाशाला लागेल इतके जवळ गेले, आणि पाच-सात मिनिटांनी विचारलं,

“यात गायरान कुठंय?”

मी म्हटलं, “अण्णा, इथं गायरान नसतं.”

“मग गुरं चारतात कुठं?”

“सगळीकडं. हे सगळं चराऊच आहे. बराचसा भाग सरकारचा, रँचरला चराईचा परवाना मिळतो.”

“आणि पाणवठा?”

मी बोटानं दाखवलं. इथं एक विहीर. इथं पवनचक्की. इथं टँक. अण्णा एका खुणेपासून दुसरीपर्यंत बोटाची पेरं टाकत गेले, तलाठी जसं टिपणावर मोजतो तसं. मग म्हणाले, “मग गायरान कुठंय ते कळलं की. ह्या ठिपक्यांच्या भोवतीच असणार. बाकीचं नुसतं रान.”

हे वाक्य मी कुठल्याही अहवालात इतक्या सोप्या शब्दांत वाचलेलं नव्हतं. गाय पाण्यापासून लांब जात नाही. सपाट जमिनीवर पाण्यापासून मैलभरात ती मोकळेपणानं चरते, एक ते दोन मैलांत निम्मीच, आणि दोन मैलांच्या पलीकडचं गवत हिशेबात धरू नये, असा चराईशास्त्राचा ठोकताळा आहे. उन्हाळ्यात एका गायीला दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी लागतं. म्हणजे नकाशावर पाण्याच्या प्रत्येक ठिपक्याभोवती कंपासनं दोन मैलांचं वर्तुळ काढलं की झालं, चराईचं राज्य त्या वर्तुळांत. वर्तुळाच्या बाहेर गवत कितीही असो, गायीच्या दृष्टीनं ते नाहीच.

एकोणिसाव्या शतकातल्या गुरंवाल्यांनी हे ओळखलं होतं. सरकारी कायद्यानं माणसाला १६० एकर मिळायचे. त्यांनी ते १६० एकर झऱ्यावर घेतले. झरा ताब्यात आला की भोवतालची हजारो एकर सरकारी जमीन आपोआप आपली, कारण दुसऱ्याची गुरं तिथं पाण्यावाचून उभी राहू शकत नाहीत. सातबारावर चार-दोन ओळी, पण ताबा सगळ्या माळावर. अण्णांना हे सांगताच ते म्हणाले, “आमच्याकडं विहिरीच्या हिश्श्यावरनं खून पडलेत, तुला सांगायला नको.”

त्यांना नकाशावरच्या सरळ रेषा मात्र खटकत होत्या. डोंगर असो, ओहळ असो, रेषा आपली सरळ. १७८५ सालच्या कायद्यानं अमेरिकेची बरीचशी जमीन चौकोनांत कापायचं ठरलं : सहा मैल बाजूचा मोठा चौकोन, त्यात मैलभराचे ३६ चौकोन म्हणजे सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. मोजायला गुंटरची साखळी, ६६ फुटांची; ८० साखळ्या म्हणजे मैल. अण्णांचे डोळे चमकले. “आपली तेहतीस फुटांची!” खरंच. आपल्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची, गुंटरच्या बरोबर निम्मी. तिचा चौरस म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. पुण्यात फ्लॅटवाला गुंठ्यानं भाव सांगतो आणि इथला रँचर सेक्शननं जमीन सांगतो, दोघांच्या मागं खणखणणारी साखळी एकाच घराण्यातली.

पण साखळीनं जमीन कापली जाते, पाणी नाही. हे जॉन वेस्ली पॉवेल ओरडून सांगत होता. यादवी युद्धात एक हात गमावलेला माणूस, १८६९ साली होड्यांतून ग्रँड कॅन्यन पार केलेला, पुढं यूएसजीएसचा दुसरा संचालक झालेला. १८७८ मध्ये त्यानं कोरडवाहू मुलखाच्या जमिनींवर एक अहवाल दिला. त्याचं म्हणणं साधं होतं. पश्चिमेत १६० एकरांत माणूस जगत नाही. चराईच्या धंद्याला एका कुटुंबाला २,५६० एकर द्या, त्यातला थोडा तुकडा भिजणारा असू द्या, आणि हद्दी चौकोनी न ठेवता पाण्याच्या मागं जाऊ द्या, म्हणजे प्रत्येकाच्या शिवेला पाणी लागेल. अमेरिकेच्या संसदेनं, काँग्रेसनं, ऐकलं नाही. चौकोन पडत राहिले. हजारो चौकोनांत एक थेंब पाणी नव्हतं आणि शेकडो मैलांतला एकमेव झरा एकाच चौकोनात. देशाच्या पद्धतशीर टोपोशीटांचं काम पॉवेलच्याच कारकिर्दीत सुरू झालं हे मला महत्त्वाचं वाटतं. पाणी कुठं आहे हे आधी नीट काढा, मग जमीन वाटा, असा त्याचा धोशा होता. नकाशा तयार होईपर्यंत वाटप थांबलं नाही. म्हणून माझ्या भिंतीवरच्या शीटमध्ये काळ्या सरळ रेषा आणि निळ्या वाकड्या रेषा एकमेकींना कुठंही विचारत नाहीत.

एका रविवारी पहाटे आम्ही निघालो. आंतरराज्य महामार्ग सोडून कच्च्या रस्त्यानं पॉइंट ऑफ रॉक्सकडे. काळ्या दगडांची टेकाडं, त्यावरून जुना राजरस्ता कुठून गेला असेल ते दिसतं. पेर्रीयोची डबकी याच परिसरातली. अण्णा टेकाडावर उभे राहून बराच वेळ उत्तरेकडे बघत होते. डावीकडं लांब रिओ ग्रान्देकाठचे डोंगर, उजवीकडं सान आंद्रेस, मध्ये ताटासारखा सपाट माळ. “म्हसवडच्या पुढं गेल्यावर असंच आहे,” म्हणाले. पावसाचं विचारलं. मी सांगितलं, वर्षाला अडीचशे मिलिमीटरांच्या आत, माणदेशात पडतो त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यातला निम्म्याहून जास्त जुलै ते सप्टेंबर. इथले लोकही त्याला मान्सूनच म्हणतात. अण्णांना तो शब्द इथं ऐकून बरं वाटलं असावं, त्यांनी आकाशाकडे बघितलं.

माझ्या यादीतली एक पवनचक्की तिथून पुढं होती. चार शीटांवर मी तिला बघितलं होतं. सगळ्यांत जुनीवर नुसती विहीर. नंतरच्या शीटवर पवनचक्की आणि तिच्याकडे येणाऱ्या वाटा. एक नाही, सहा-सात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या चारी बाजूंनी येऊन एका ठिपक्यात मिळालेल्या. शेवटच्या शीटवर जांभळ्या शाईत एक नवं तळं. जांभळा रंग म्हणजे जागेवर न जाता विमानातून काढलेल्या फोटोंवरून केलेली दुरुस्ती. मला जांभळी खूण बघितली की नेहमी थोडं वाईट वाटतं. ती चुकीची नसते, पण तिथं कुणी गेलेलं नसतं.

चक्की लांबूनच दिसली. चार पायांचा लोखंडी सांगाडा, वर पाकळ्यांचं चाक, मागं शेपूट. चाक फिरत होतं. जवळ गेल्यावर कळलं, ते रिकामंच फिरत होतं. चाकाच्या फिरण्यानं एक लांब दांडा वर-खाली होतो, तो दांडा विहिरीत खोल पंपापर्यंत जातो आणि पंपातले चामड्याचे वायसर पाणी उचलत राहतात, अशी ती रचना. १८८८ साली शिकागोत पोलादी चाकाची एअरमोटर बाजारात आली आणि पश्चिमेचा कायापालट झाला तो अशाच चक्क्यांनी. या चक्कीचा दांडा पायाशी सोडवून तारेनं सांगाड्याला बांधून ठेवला होता. शेजारी सौर पॅनेल, त्याची काळी वायर विहिरीत उतरलेली, आणि एक काळा नळ पोलादी कड्याच्या हौदात. नळातून करंगळीएवढी धार पडत होती.

हौदाचं पाणी कडेला हिरवं होतं. शेवाळाच्या तरंगत्या गादीवर मधमाश्या बसून पाणी पीत होत्या, शंभर तरी असतील, गादी हलली की सगळ्या एकदम उडून पुन्हा बसत होत्या. तरंगणाऱ्या व्हॉल्व्हचा पितळी दांडा घासून घासून चकचकीत झालेला. कुणाच्या तरी माना रोज त्याला लागत असणार. अण्णांनी धारेखाली ओंजळ धरली, थोडं तोंडात घेतलं, फिरवलं, थुंकलं. “मचूळ आहे. गुरं पितील.” मग ते हौदाकडे पाठ करून उभे राहिले आणि चालायला लागले. मी विचारलं, कुठं? त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. ते पावलं मोजत होते.

हौदाभोवती एक पातं नव्हतं. शेणाची भुकटी आणि खुरांनी कुटून मऊ झालेली माती, पाय टाकला की घोट्यापर्यंत धूळ. अण्णा सरळ रेषेत चालत गेले, वाळूच्या उंचवट्यांवर माजलेल्या मेस्कीटच्या झुडपांमधून, आणि लांब एका ठिकाणी खाली बसले. मी पोहोचले तेव्हा ते एका गवताच्या ठोंबाशी होते. मूठभर, वाळलेला, खुरटा.

“सहाशे चाळीस पावलं,” म्हणाले. “पाणी आणलं की असंच होतं. पाणी जिथं, तिथं खुरं.” मग मेस्कीटची एक फांदी धरून काटे बघितले, शेंग चुरगळली, वास घेतला. “ही तर वेडी बाभळ.”

सख्खी नाही, चुलत आहे. आपल्याकडची वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडाचीच, आणि इथलं मेस्कीट तिच्याच कुळातलं. गुरं गोड शेंगा खातात, बी शेणातून पडतं, शेणाबरोबर खत आणि ओल. पाण्याकडं जाणाऱ्या वाटेवर ते रुजतं. अण्णांना ते समजावून सांगावं लागलं नाही, त्यांच्या सज्यातल्या गायरानांचं तेच झालेलं आहे.

जोर्नाडाचं काय झालं हे मात्र मी त्यांना परतीच्या वाटेवर सांगितलं, कारण त्याची नोंद जितकी चोख आहे तितकी जगात फार थोड्या माळांची असेल. १८५८ साली साखळीवाले मोजणीदार इथून चालत गेले. नियम असा होता की हद्दीच्या खुणा करता करता माती कशी, गवत कसं, झाडं कोणती हेही वहीत लिहायचं. पुढं याच भागात सरकारनं चराईच्या अभ्यासासाठी एक मोठं रान राखून ठेवलं, १९१२ साली, सुमारे १,९३,००० एकर, जोर्नाडा प्रायोगिक चराऊ क्षेत्र. तिथल्या दोन शास्त्रज्ञांनी त्या जुन्या वह्या काढल्या आणि १९६३ च्या पाहणीशी ताडून बघितल्या. १८५८ मध्ये ५८ टक्के जमिनीवर एकही झुडूप नव्हतं. नुसतं गवत, बहुतेक ब्लॅक ग्रामा. १९६३ मध्ये झुडूप नसलेली जमीन उरली नव्हती. शून्य.

कारणं एकापेक्षा जास्त आहेत आणि सगळं गुरांवर ढकलणं अन्यायाचं होईल. १८९० च्या दशकातला दुष्काळ होता, १९५० च्या दशकातला त्याहून भयंकर. वणवे थांबले होते. ब्लॅक ग्रामा बियांपासून फारसं वाढत नाही, धाटं जमिनीवर सरपटत मुळं धरतात, एकदा उखडलं की परत यायला पिढी जाते. पण या सगळ्याच्या मुळाशी नकाशातला तो बदल आहे, जो मी रोज बघते. जुन्या शीटवर माळाच्या पोटात पाणी नाही. म्हणून नदीकाठ सोडला तर आतल्या गवताला तोंड लागलेलं नव्हतं. तहान हीच त्याची राखण होती. मग १८६० च्या दशकाच्या अखेरीस आलेमानला एकानं विहीर खणली. १८८१ मध्ये रेल्वे आली. मग पोलादी पवनचक्क्या. पुढच्या शीटवर ठिपके वाढत जातात, वेस्ट वेल, मिडल वेल, साउथ वेल, टेलर वेल, आणि दोन-दोन मैलांची वर्तुळं एकमेकांना भिडतात. शेवटी वर्तुळाबाहेरची जागाच राहत नाही. इथल्या कृषी महाविद्यालयातला ई. ओ. वूटन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १९०८ सालीच न्यू मेक्सिकोच्या चराईच्या प्रश्नावर लिहीत होता. प्रायोगिक क्षेत्र व्हावं म्हणून आपला चराईचा हक्क सोडणारा सी. टी. टर्नी हा स्वतः रँचर, आणि या माळावर पाणी काढणाऱ्यांपैकी एक. त्यानं जे केलं ते मला फार मोठं वाटतं. ज्यानं विहिरी काढल्या त्यानंच माळ अभ्यासाला दिला.

अण्णा गाडीत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “विहीर मंजूर झाली की आम्ही पेढे खायचो. रोजगार हमीची पहिली विहीर माझ्याच सह्यांनी झाली. बाया रडल्या होत्या आनंदानं.” थोड्या वेळानं, “वाईट कसं म्हणायचं तिला?”

मीही म्हणू शकत नाही. ज्या माळावर माणसं तहानेनं मेली तिथं कुणी पाणी काढलं तर ते पुण्याचंच काम. तरी त्या हौदापासून सहाशे चाळीस पावलं गवत नव्हतं, हेही तितकंच खरं. मी या दोन गोष्टी एकमेकींत मिळवायचा प्रयत्न आता सोडून दिला आहे. दोन्ही नोंदवते.

उत्तरेकडच्या शीटांवर आणखी एक जात आहे पाण्यांची. १९४२ मध्ये सैन्यानं माळाचा मोठा पट्टा बाँबफेकीच्या सरावासाठी घेतला, आणि तिथल्या रँचवाल्यांना उठवलं. युद्ध संपल्यावर परत यायचं अशा समजुतीनं ती माणसं गेली. ती जमीन आज व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र तळात आहे, नकाशावर मात्र रँचांची नावं आणि त्यांच्या विहिरी अजून दिसतात. त्यातल्याच एका रँचच्या घरात जुलै १९४५ मध्ये पहिल्या अणुबाँबचा प्लुटोनियमचा गाभा जुळवला गेला. घराशेजारी गुरांसाठी बांधलेला पाण्याचा हौद होता. उन्हानं भाजलेले सैनिक आणि शास्त्रज्ञ त्यात पोहायचे. १६ जुलैला पहाटे स्फोट झाला. त्या हौदाचीही नोंद माझ्याकडे आहे, प्रकार : टँक. आजची स्थिती : कोरडा.

अण्णा सप्टेंबरात परत गेले. जायच्या आधी दोन दिवस ते भिंतीवरच्या शीटची एक जादा प्रत घेऊन तिच्या पाठीवर काहीतरी काढत बसले होते. आमच्या गावाची शीव. ओढा, पांद, मारुतीचं देऊळ, आणि त्यांना आठवतील तेवढे पाणवठे. आपल्या टोपोशीटवर कोरडा ओढा काळ्या शाईत दाखवतात, पाणी असेल तर निळ्या. अण्णांनी सगळं निळ्या बॉलपेननं काढलं होतं. मी मोजले, चौदा निघाले. धोंडीची विहीर, खालचा झिरा, सुताराचं टाकं, धनगरांचा डोह. बऱ्याच नावांची मला ओळखही नव्हती, आणि मी त्याच गावात वाढले आहे.

आता रविवारी सकाळी, त्यांच्या संध्याकाळी, आम्ही फोनवर असतो. मी उपग्रहाचं चित्र उघडते, अण्णा त्यांच्या हातातल्या चित्राची आठवण सांगतात, आणि मी एकेक खूण जागेवर ठेवते. नऊ झाल्या. काल खालच्या झिऱ्यावर होतो.

“पांदीनं खाली आलीस का?”

“आले.”

“ओढा ओलांडू नको. अलीकडंच. डाव्या अंगाला.”

“अण्णा, इथं नुसतं हिरवं दिसतंय. दाट.”

“वेडी बाभळ असंल. तिच्या मधोमध बघ, जरा वरच्या बाजूला. तिथं एक सपाट खडक आहे. दिसतोय का?”

मी चित्र मोठं केलं. अजून मोठं केलं.